आवाजाची जागा

लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर नाणेफेक होते तेव्हा तिथल्या जुन्या प्रेक्षकांचे डोळे दोन्ही कर्णधारांवर खिळलेले असतात. लिव्हरपूलला उत्तरार्धात ‘कॉप’ या स्टँडच्या दिशेने आक्रमण करायला आवडतं, आणि हे सगळ्या इंग्लंडला ठाऊक आहे. म्हणून पाहुण्या कर्णधाराने नाणेफेक जिंकली की कधीकधी तो मुद्दाम बाजू बदलून घेतो. मग कॉपकडचं आक्रमण लिव्हरपूलला पूर्वार्धातच उरकावं लागतं, आणि सामन्याचा निकाल लागायच्या वेळी त्यांचं तोंड दुसऱ्या टोकाला असतं. दोन्हीकडचे गोलपोस्ट आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच, गवतही एकच. फरक असतो तो जाळीमागे बसलेल्या माणसांचा.

ही माणसं नेमकी तिथेच का असतात? नव्वद मिनिटं गाणारे, टाळ्या वाजवणारे, घसा बसेपर्यंत ओरडणारे यजमान समर्थक स्टेडियममध्ये कुठे असावेत? गोलमागे की मध्यरेषेवर, खाली की वर, मधोमध की कोपऱ्यात, पाहुण्यांच्या शेजारी की त्यांच्यापासून दूर? युरोपात गेली तीस वर्षं क्लबचे संचालक, आर्किटेक्ट, पोलीस आणि खुद्द समर्थक यावर भांडत आले आहेत. आपल्याकडे इंडियन सुपर लीगला दहा वर्षं उलटून गेली तरी हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारलेला नाही. विचारायला हवा, कारण त्याचा संबंध थेट खेळाशी आहे.

२००२ साली अ‍ॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर या सामन्यातल्या ४७ झटापटी त्यांनी ४० प्रशिक्षित रेफरींना व्हिडिओवर दाखवल्या. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. ज्यांना गर्दी ऐकू येत होती त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. मग कोविड आला आणि याहून कितीतरी मोठा प्रयोग आपोआप घडला. २०२०-२१ च्या हंगामात प्रीमियर लीगचे जवळपास सगळे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, आणि इंग्लंडच्या अव्वल विभागात पहिल्यांदाच पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकले : १५३ विरुद्ध १४४. घरच्या मैदानावर सलग ६८ लीग सामने न हरलेला लिव्हरपूल जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीकडून हरला, आणि तो धरून घरी सलग सहा सामने हरला. व्हॅन डाइकसारखे बिनीचे बचावपटू जखमी होते, हेही खरं. पण त्याच संघाची बाहेरच्या मैदानांवर अशी पडझड झाली नव्हती.

कॉपची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण या वादाची सगळी बीजं तिच्यात आहेत. १९०६ मध्ये अ‍ॅनफिल्डच्या एका गोलमागे मातीचा उंच उतार करून त्यावर पायऱ्या बांधल्या. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवर इंग्रजांची मोठी हानी झाली होती आणि लिव्हरपूलकडचे अनेक सैनिक तिथे पडले होते. स्थानिक क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्या टेकडीचं नाव स्टँडला सुचवलं. याच टेकडीवरून जखमी सैनिकांना डोलीत घालून खाली आणणाऱ्या भारतीय स्वयंसेवकांमध्ये मोहनदास गांधी होते. १९२८ मध्ये कॉपवर छप्पर आलं. त्या छपराखाली तीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहत. १९६४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने तिथे कॅमेरे लावले आणि हजारो तरुण एका सुरात बीटल्सची गाणी म्हणताहेत हे दृश्य सगळ्या देशाने पाहिलं.

हे कुणी योजून केलेलं नव्हतं. उभ्या स्टँडमध्ये आसन क्रमांक नसतो. तिकीट स्वस्त, आणि जो लवकर येईल तो हवी ती जागा धरणार. ज्याला गायचं आहे तो आपसूक गाणाऱ्यांकडे सरकतो. ज्याला शांतपणे सामना बघायचा आहे तो कडेला जातो. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा एकटा येतो, दोन हंगामांत मधल्या घोळक्यात पोहोचतो, आणि तिथली गाणी, तिथल्या शिव्या, तिथली शिस्त त्याला तिथेच मिळते.

१५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा जीव गेला. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांत उभे स्टँड बंद झाले आणि सगळीकडे खुर्च्या आल्या. ३० एप्रिल १९९४ ला कॉपवर शेवटचं उभं राहणं झालं. नंतर तिथे बारा हजारांच्या थोड्या वर खुर्च्या बसल्या. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की ती माणसं बेकायदा कृत्याने मारली गेली, पोलिसांच्या गंभीर चुका त्याला कारणीभूत होत्या आणि समर्थकांचा दोष नव्हता. तोवर सत्तावीस वर्षं गेली होती. पिंजऱ्यासारखी कुंपणं आणि माणसांना गुरांसारखं कोंबणं गेलं, ते जायलाच हवं होतं. उभ्या स्टँडच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

खुर्च्यांबरोबर क्रमांक आले, हंगामभराची तिकिटं आली आणि दर चढत गेले. एकत्र गाणारे चार मित्र आता चार वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये बसले. ज्याला ज्या वर्षी जी खुर्ची मिळाली, ती त्याने पुढची वीस-तीस वर्षं सोडली नाही. गोलमागचा स्टँड माणसांबरोबर म्हातारा होत गेला, आणि नव्या पोरांना तिथे शिरायला जागा उरली नाही.

पंढरीच्या वाटेवर दिंडी कशी चालते ते बघा. टाळकऱ्यांच्या रांगा जवळ जवळ, मधे मृदंग, मागे वीणेकरी. तेच टाळकरी लाखभर माणसांत इतस्ततः विखरून दिले तर प्रत्येकाच्या हातात टाळ असेल, पण अभंग उभा राहणार नाही. इंग्लंडमधल्या स्टेडियमचं तसंच झालं.

याचं कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाची लांबी साधारण १०५ मीटर; दोन्ही टोकांचे स्टँड धरले तर एका टोकाच्या प्रेक्षकापासून दुसऱ्या टोकाचा प्रेक्षक सहज दीडशे मीटरवर असतो. एवढं अंतर कापायला आवाजाला अर्ध्या सेकंदाला थोडा कमी वेळ लागतो. सेकंदाला दोन टाळ्या अशा लयीत गाणं चाललं असेल तर तुमची टाळी समोरच्याला ऐकू येईपर्यंत तुमची पुढची टाळी पडायची वेळ झालेली असते. तो ऐकून टाळी वाजवतो आणि ती तुमच्याकडे परत येते तेव्हा गाण्याचा पार चिखल झालेला असतो. म्हणून अख्खं स्टेडियम एका लयीत फार वेळ गाऊ शकत नाही. एक स्टँड मात्र गाऊ शकतो.

दुसरी गोष्ट छपराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. उघड्या स्टँडमध्ये निम्मा आवाज आभाळात जातो. छप्पर खाली उतरलेलं असेल, मागे पक्की भिंत असेल, तर तोच आवाज आपटून मैदानाकडे जातो आणि गाणाऱ्यांच्या कानातही परततो. आपला आवाज मोठा आहे हे कळलं की माणूस आणखी मोठ्याने गातो.

आणि तिसरी, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही : माणसाचा आवाज तोंडासमोर जातो. गाणाऱ्यांना अगदी पुढच्या, मैदानालगतच्या रांगांत बसवलं तर टीव्हीच्या मायक्रोफोनला ते छान ऐकू येतात, झेंडेही दिसतात, पण त्यांच्या मागच्या हजारोंना फक्त त्यांच्या पाठी दिसतात. तेच गाणारे स्टँडच्या मध्यापासून वर, छपराखाली असले तर त्यांचा आवाज पुढच्या सगळ्या रांगांच्या डोक्यांवरून जातो आणि पुढचे लोक त्यात ओढले जातात. युरोपातल्या ‘अल्ट्रा’ म्हणजे कट्टर समर्थकांच्या गटांमध्ये घोषणा देणारा म्होरक्या, ज्याला ते ‘कापो’ म्हणतात, तो खाली कठड्यावर मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. सामना तो जवळपास बघतच नाही. त्याचं तोंड गर्दीकडे असतं, कारण त्याचा आवाज वर जायला हवा.

या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या तर डॉर्टमुंडला जावं. बोरुसिया डॉर्टमुंडच्या मैदानात गोलमागे दक्षिणेला जो स्टँड आहे त्यात २४,४५४ माणसं उभी राहतात. पूर्ण स्टेडियम ८१,३६५ चं, म्हणजे जवळपास तीस टक्के प्रेक्षक एकाच उतारावर, एकाच छपराखाली. युरोपातला हा सर्वांत मोठा उभा स्टँड. पिवळ्या कपड्यांनी तो भरतो म्हणून त्याला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. मधे कॉर्पोरेट कक्षांची काचेची पट्टी नाही, वरचा मजला-खालचा मजला अशी फोड नाही. पाहुणे समर्थक उत्तरेकडे, म्हणजे समोरच्या टोकाला. युरोपीय स्पर्धांसाठी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमामुळे पिवळ्या भिंतीतही खुर्च्या लावाव्या लागत आणि तिची क्षमता निम्म्याहून कमी होई. २०२२-२३ पासून युएफाने जर्मनी, फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये प्रायोगिक तत्त्वावर उभं राहायला परवानगी दिली.

टॉटेनहॅमने लंडनमध्ये नवं स्टेडियम बांधताना डॉर्टमुंड समोर ठेवलं. एप्रिल २०१९ मध्ये उघडलेल्या या ६२,८५० क्षमतेच्या स्टेडियमचा दक्षिण स्टँड १७,५०० जणांचा आहे, एकसलग, मजले न पाडलेला. बांधकाम उत्तम आहे. पण डॉर्टमुंडमध्ये उभ्या तिकिटाचा दर विद्यार्थ्याला आणि कामगाराला परवडेल असा ठेवलेला असतो, आणि लंडनमध्ये तसं नाही. काँक्रीटचा उतार उचलून आणता आला. त्यावर उभी राहणारी माणसं तशी आणता येत नाहीत.

दराचा मुद्दा लिव्हरपूलमध्येच एकदा लख्ख दिसला. २०१६ मध्ये क्लबने नव्या मेन स्टँडसाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर गेले. उरलेल्या मिनिटांत संडरलँडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली.

आता सगळ्यात अवघड प्रश्नाकडे येऊ. स्टेडियम जुनं आहे, गोलमागची मधली जागा भरलेली आहे, तिथे तीस वर्षं बसणारी माणसं आहेत, आणि गाणारा गट कोपऱ्यात पडला आहे. काय करायचं? लंडनच्याच क्रिस्टल पॅलेस क्लबने हे भोगलं. २००५ मध्ये सुरू झालेला ‘होम्सडेल फनॅटिक्स’ हा गट होम्सडेल स्टँडच्या खालच्या मजल्यावर एका बाजूला बसत असे. ढोल, झेंडे, सतत गाणी. क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानाचं नाव त्यांच्यामुळे देशभर झालं. त्यांची मागणी होती ती मधोमध, थेट गोलमागे येण्याची. २०१८ मध्ये बोलणी फिसकटली आणि गटाने काम थांबवलं. मैदान गप्प पडलं. अखेर तडजोड झाली आणि ते मध्यभागी आले.

हे सांगताना जुन्या खुर्चीवाल्याची बाजूही मांडायला हवी. वडिलांच्या शेजारी ज्या जागी बसून पहिला सामना पाहिला, ती जागा सोडायला सांगणं ही लहान गोष्ट नाही. सतत उभ्या असलेल्या, झेंडे नाचवणाऱ्या पोरांच्या मागे सत्तरीतल्या माणसाला काही दिसत नाही. त्याची तक्रार रास्त आहे. तरीही माझं मत ठाम आहे : मधली जागा गाणाऱ्यांची. जुन्या माणसाला त्याच दरात, तितकीच चांगली किंवा त्याहून चांगली जागा मिळाली पाहिजे, त्याच्या शेजाऱ्यांसकट मिळाली पाहिजे, आणि एक हंगाम आधी सांगून मिळाली पाहिजे.

कोपऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. ग्लासगोच्या सेल्टिकचा ‘ग्रीन ब्रिगेड’ गट कोपऱ्यातूनच गातो. तिथे २०१६ मध्ये कठडा असलेल्या, उभं राहता येईल अशा अडीच हजारांहून अधिक खुर्च्या बसवल्या. कोपऱ्यातून दोन स्टँड दिसतात, आवाज दोन्हीकडे जातो. पण कोपऱ्यातला गट दोन्ही स्टँडच्या कडेला असतो; तो आपला स्टँड पेटवतो त्यापेक्षा आपल्यापुरता पेटलेला राहतो. दुसरी जागा हवी असेल तर कोपरा चालेल, पहिली म्हणून नको.

पाहुण्यांच्या शेजारी बसण्याचा मोह इंग्लंडमध्ये फार आहे. अनेक मैदानांत यजमानांची तरुण पोरं पाहुण्यांच्या ब्लॉकला लागून असलेली तिकिटं धरतात. आवाज होतो, यात शंका नाही. तो आवाज कुणाकडे असतो ते मात्र बघायला हवं. नव्वद मिनिटं पोरं मैदानाकडे पाठ वळवून पाहुण्यांना चिडवत असतात, आणि आपला संघ दोन गोलांनी मागे असताना, म्हणजे जेव्हा त्याला खरी गरज असते तेव्हा, या पोरांचं अर्धं लक्ष कुंपणापलीकडे असतं. न्यूकॅसलने पाहुण्यांना लीझेस एंडच्या अगदी वरच्या मजल्यावर, सातव्या पातळीवर नेऊन बसवलं आहे. पायऱ्या चढून दमछाक होते अशी त्यांची तक्रार असते आणि ती खरी आहे. पण समोरच्या गॅलोगेट एंडमधले यजमान समर्थक त्यामुळे मैदानाकडेच बघून गातात.

एका धोक्याकडे डोळेझाक करता येणार नाही. गोलमागची मध्यभागाची जागा ही सत्ता आहे. इटलीत ती ज्यांच्या हातात गेली त्यांनी कधीकधी तिचा बाजार मांडला. मिलानच्या सान सिरोमध्ये उत्तर टोक इंटरचं आणि दक्षिण टोक एसी मिलानचं. २०२४ मध्ये दोन्हीकडच्या अल्ट्रा म्होरक्यांना पोलिसांनी अटक केली. रेआल माद्रिदने २०१३-१४ मध्ये ‘अल्ट्रास सुर’ या हिंसक गटाला दक्षिण टोकावरून हटवलं आणि तिथेच पांढऱ्या कपड्यातल्या तरुण समर्थकांचा नवा स्टँड उभा केला. गट वाईट निघाला म्हणून माद्रिदने ती जागा रिकामी ठेवली नाही की महाग खुर्च्यांना विकली नाही. माणसं बदलली, जागा आवाजासाठीच राखली.

आपल्याकडची अडचण याही आधी सुरू होते. आपली बहुतेक मोठी स्टेडियम फुटबॉलसाठी बांधलेलीच नाहीत. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला धावपट्टी, बेंगळुरूच्या कांतिरवाला धावपट्टी, पुण्याच्या बालेवाडीला धावपट्टी, नेरुळचं डी. वाय. पाटील तर क्रिकेटचं. धावपट्टीचा सगळ्यात वाईट फटका गोलमागेच बसतो, कारण तिथे वळणाचा अर्धगोल येतो आणि प्रेक्षक आणखी मागे ढकलला जातो. वेस्ट हॅमचे समर्थक २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गेले आणि याच अंतरावरून आजही हळहळतात. युव्हेंटसने धावपट्टीचं देल्ले आल्पी पाडलं आणि २०११ मध्ये त्याच जागी ४१ हजारांचं, मैदानाला खेटलेलं स्टेडियम बांधलं. धावपट्टीच्या मैदानात लांब बाजूचा प्रेक्षक गोलमागच्यापेक्षा खेळाच्या जवळ असतो; बेंगळुरू एफसीचे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ कांतिरवामध्ये पश्चिमेच्या स्टँडमधून गातात त्यात म्हणूनच शहाणपण आहे. नियम मैदान बघून वाकवावा लागतो.

मुंबईत अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल मात्र वेगळं आहे. लहानसं, धावपट्टी नाही, स्टँड मैदानाजवळ. जून २०१८ मध्ये इथे भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. सुनील छेत्रीने व्हिडिओवर लोकांना हात जोडून विनंती केली आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याला, त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, मुसळधार पावसात स्टेडियम हाउसफुल झालं. छेत्रीने दोन गोल केले. भारतीय संघाच्या समर्थकांचा ‘ब्लू पिलग्रिम्स’ आणि मुंबई सिटीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारखे गट या शहरात आवाज लावतात हे आपण पाहिलं आहे. माणसं आहेत, ढोल आहेत, घसे आहेत.

कोल्हापूरला तर कुणी गायला शिकवायची गरज नाही. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. हुल्लडबाजीच्या बातम्याही तिथून येत राहतात. तिथे यजमान आणि पाहुणा असा भेदच नाही, दोघेही घरचे. अशा गावाने सान सिरोकडून चांगली तेवढी गोष्ट घ्यावी : एका तालमीला कायमचं एक टोक, दुसरीला दुसरं, मधल्या लांब बाजूंना बायकामुलं, ज्येष्ठ आणि तटस्थ प्रेक्षक. आवाज समोरासमोर भिडेल, माणसं भिडणार नाहीत.

राज्यातल्या आणि गोव्यातल्या क्लबना, संघटनांना आणि मैदानं सांभाळणाऱ्या महापालिकांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामाची तिकिटं छापण्याआधी गोलमागचा एक ब्लॉक, मधोमधचा, बाजूला काढा. त्यावर आसन क्रमांक टाकू नका, दर सर्वांत कमी ठेवा, पुढे कठडे लावून उभं राहू द्या, ढोल आणि झेंड्यांची परवानगी लेखी द्या, आणि समर्थकांच्या प्रतिनिधीला सुरक्षेच्या बैठकीत बोलवा. नवं मैदान बांधणार असाल तर धावपट्टी दुसरीकडे न्या आणि त्या ब्लॉकवर छप्पर घाला. बाकी खुर्च्या कशाही लावल्या तरी चालतील.